पर्ची दिली, पोच कुठे आहे?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी इंदूरहून किंवा पुण्याहून कुणी मोठे वक्ते येतात. यंदा कार्यकारिणीने घरातल्याच माणसाला उभं केलं आहे. आम्ही डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. पदविका घेऊन राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि वीस-बावीस वर्षं रजिस्टरं लिहिण्यात, माहिती गोळा करण्यात आणि आता संगणकावरचे रकाने भरण्यात गेली. आज जे बोलणार आहोत ते आम्ही आणि आमच्यासारखे अनेक जण रोज करतो त्या कामाबद्दल आहे. 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. यात चूक आहे ती एकट्याची नाही, म्हणून 'आम्ही'.

आपल्यापैकी ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे, आणि धारच्या मराठी घरांत ती न केलेलं घर सापडणं अवघड, त्यांना आवक-जावक रजिस्टर सांगायला नको. कागद आला की आवक क्रमांक पडतो, गेला की जावक क्रमांक. पूर्वीचे बडे बाबू एवढ्यावर थांबत नसत. कागद गेला त्या कचेरीची पोच आली का, हे ते विचारत. पोच नसेल तर स्मरणपत्र जायचं आणि त्यावर लाल शाईने 'स्मरणपत्र क्रमांक १', 'क्रमांक २' असं लिहिलं जायचं. एका टेबलाच्या मागणीसाठी तीन-तीन स्मरणपत्रं गेलेली आम्ही पाहिली आहेत.

आता दुसरा कागद घ्या. गावातल्या आरोग्य केंद्रातून एखाद्या आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात पाठवतात. त्याच्या हातात पर्ची देतात, तिच्यावर 'रेफर' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे तर तो शब्द इतका रुळला आहे की लोक म्हणतात, "काकांना इंदूरला रेफर केलं." त्या पर्चीला जावक क्रमांक पडतो. पण माणूस तिथे पोचला का, त्याला कुणी पाहिलं का, परत आला का, ही पोच बहुतेक वेळा कुणी मागत नाही. टेबलासाठी तीन स्मरणपत्रं जातात, माणसासाठी एकही नाही. आजचा आमचा विषय एवढाच आहे.

एकाच आठवड्यातल्या दोन पर्च्यांची गोष्ट सांगतो. दोन्ही आम्ही जवळून पाहिल्या.

पहिली आमच्याच एका नातलगांची. वय सत्तरच्या पुढे, छातीत दुखायला लागलं. इथून इंदूरला पाठवायचं ठरलं. पर्ची हातात पडायच्या आधीच चार फोन झाले होते. एक भाचा इंदूरला, त्याच्या मित्राची बहीण नर्स. गाडी शेजाऱ्यांची. धार ते इंदूर साठ-पासष्ट किलोमीटर, दीड-दोन तासांत ते दाखल झाले. कागदपत्रं घरातल्या सुनेने प्लास्टिकच्या फाइलीत आधीच लावून ठेवली होती. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर निरोप आला, "अँजिओग्राफी झाली, काळजी नको." ही झाली पोच. ती सरकारने दिली नाही, भाच्याने दिली.

दुसरी पर्ची घाटाखालच्या एका गावातल्या दीड वर्षाच्या मुलाची. अंगणवाडीत मुलांच्या दंडाचा घेर मोजायची एक पट्टी असते, तिच्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली घेर आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल अतिकुपोषित. या मुलाची पट्टी लाल होती आणि तो खातही नव्हता. अशा मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात. आईसह चौदा दिवस. पर्ची दिली गेली. आमच्याकडच्या यादीत त्याच्या नावापुढे 'रेफर' असं लिहिलं गेलं आणि महिन्याच्या अहवालात तो आकडा 'कार्यवाही केली' या रकान्यात बसला. रकाना आम्ही भरला. अहवाल वेळेवर गेला म्हणून आम्हाला शाबासकीही मिळाली.

दोन महिन्यांनी वेगळ्या कामासाठी त्या गावी जाणं झालं. सहज विचारलं. आशा कार्यकर्ती म्हणाली, "सर, वो तो गई थी, वापस आ गई." आई मुलाला घेऊन खरंच गेली होती. पोचली तेव्हा दुपार झाली होती, तिला सोमवारी यायला सांगितलं. सोमवारपर्यंत राहायचं कुठे? घरी आणखी दोन लेकरं, सोयाबीनची कापणी तोंडावर. ती परतली. दिवाळीनंतर सगळं घर मजुरीला गुजरातेत गेलं. घराला कुलूप होतं. पुढे भगोरियाला लोक गावी परततात, तेव्हा आम्ही चौकशी केली. ते कुटुंब त्या वर्षी आलं नव्हतं. तो मुलगा आज कुठे आहे, कसा आहे, हे आम्हाला सांगता येत नाही. आमच्या कागदावर मात्र त्याच्या नावापुढे 'कार्यवाही केली' आहे.

मंडळी, यात खलनायक शोधू नका. आशा कार्यकर्तीने तिचं काम केलं. अंगणवाडीने पट्टी लावली. खिडकीवरच्या माणसाने कदाचित दिवसभरात शंभर पर्च्या पाहिल्या असतील. आम्ही रकाना भरला. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि मूल हातातून निसटलं. कारण एकाचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्या मधल्या जागेवर कुणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं.

ती मधली जागा किती लांब असते ते बघा. धार जिल्हा नकाशावर एक, पण जमीन दोन तऱ्हेची. वर माळव्याचं पठार, काळी जमीन, बदनावर-धारचा भाग. घाट उतरला की निमाड, मनावर, कुक्षी, धरमपुरी, डही. कुक्षी-डहीकडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास. २०११च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाख ८५ हजारांच्या वर, आणि त्यात निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के, अनुसूचित जमातींची. म्हणजे ज्याला आपण 'धार' म्हणतो, राजवाडा, किल्ला, भाजी मंडी आणि आपल्या गल्ल्या, तो जिल्ह्याचा लहानसा तुकडा आहे.

त्या आईच्या जागी उभं राहून पर्चीच्या पायऱ्या मोजू. पर्ची इंग्रजीत लिहिलेली, ती तिला वाचता येत नाही. गावातून फाट्यापर्यंत चालत, फाट्यावर बस. बसचं भाडं रोख लागतं. दवाखान्यात कोणत्या खिडकीवर जायचं ते हिंदीत विचारायचं, आणि ती घरी भिली बोलते. मग आधार कार्ड, समग्र आयडी, ते नसेल तर परत. दाखल झाली तर चौदा दिवसांची मजुरी जाते. त्यासाठी शासन काही रक्कम देतं, पण ती नंतर हातात येते आणि घरची चूल रोज पेटावी लागते. घरी राहिलेल्या दोन लेकरांना कोण बघणार? सुटी मिळाल्यावर दर पंधरा दिवसांनी, असं चार वेळा, मुलाला पुन्हा दाखवायला आणायचं. यातल्या एका पायरीवर पाय चुकला तरी उरलेल्या पायऱ्या असून नसल्यासारख्या. आमच्या नातलगांना यातली एकही पायरी लागली नव्हती.

शासनाच्या भाषेत याला आरोग्यातली समानता म्हणतात. आम्ही पूर्वी समजत होतो की सगळ्यांना सारखी पर्ची दिली की समानता झाली. तसं नाही. पर्ची दोघांना सारखीच मिळाली होती. एकाच्या पर्चीमागे भाचा होता, दुसऱ्याच्या मागे कुणी नव्हतं.

इथे आपल्या घरातली एक गोष्ट आठवते. देवास इथून फार लांब नाही आणि देवास म्हटलं की कुमारजी. पंडित कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते मैफलीसाठी नव्हे. त्यांना क्षय झाला होता आणि कोरड्या हवेत राहायचा सल्ला मिळाला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांना माळव्याला 'रेफर' केलं होतं. त्या काळी क्षय म्हणजे घाबरून जाण्याचीच गोष्ट. पाच-एक वर्षं गाणं बंद. एक फुफ्फुस निकामी झालं. मग क्षयावरचं नवं औषध आलं, ते मिळालं, आणि ते पुन्हा गायला लागले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९९२ साली त्यांचं निधन होईपर्यंत देवासचं नाव देशभर त्यांच्याबरोबर घेतलं जात होतं.

आता हे घडलं कशामुळे? हवा चांगली होती, औषध मिळालं, हे खरंच. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी होत्या. ज्या गावाला पाठवलं तिथे त्यांना आपलं म्हणणारी माणसं होती. घरात शुश्रूषा करायला भानुमतीताई होत्या. आणि घर चालायला मिळकत होती, तीही भानुमतीताईंच्या नोकरीची. औषध येईपर्यंतची ती वर्षं या तीन गोष्टींनी तोलून धरली. औषधाचं नाव डॉक्टर लिहून देतात. या तीन गोष्टी कुठल्याच पर्चीवर लिहिलेल्या नसतात, आणि त्या नसल्या तर पर्ची पोचत नाही. आजारी माणसाला दवाखान्यात पाठवणं हे आरोग्य खात्याचं काम. पण मागे राहिलेल्या लेकरांचं बघणं, रेशन, पेन्शन, प्रवासाचे पैसे, मजुरीची भरपाई, हे वेगवेगळ्या खात्यांचं. म्हणून एका पर्चीचा माग ठेवायचा तर दवाखान्याच्या दारापर्यंतचा पुरत नाही, तिच्या मागे उभ्या असलेल्या घराचाही ठेवावा लागतो.

हे अशक्य आहे का? नाही. आपल्याकडेच काही ठिकाणी ते होतं आहे.

पहिलं उदाहरण त्याच क्षयाचं. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण शासनाला कळवणं बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनाही. त्याच वर्षापासून 'निक्षय' नावाच्या प्रणालीत रुग्णांची नोंद होते. रुग्णाला एक क्रमांक मिळतो. तो माणूस पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून गावी गेला, किंवा मजुरीला गुजरातेत गेला, तरी त्याच क्रमांकावर त्याचे उपचार पुढे चालू ठेवता येतात. औषध सहा महिने घ्यावं लागतं आणि दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, म्हणून लोक मध्येच सोडतात. तेव्हा घरी जाऊन विचारणारा माणूस ठरलेला असतो. शिवाय औषधाबरोबर पोटाचाही विचार आहे. २०१८च्या एप्रिलपासून रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. २०२४च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. कुमारजींच्या घरात भानुमतीताईंनी जे केलं, त्याचा एक छोटा अंश शासनाने मान्य केला, असं आम्ही याकडे पाहतो. सगळं सुरळीत चालतं असा दावा आम्ही करणार नाही. पण इथे पोच मागितली जाते, हा फरक मोठा आहे.

दुसरं उदाहरण आरोग्याचं नाही. आपल्या मध्य प्रदेशात २०१४ पासून १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे. हातपंप बिघडला, पेन्शन थांबली, तर माणूस १८१ फिरवतो. तक्रारीला क्रमांक पडतो. खालच्या अधिकाऱ्याने मुदतीत उत्तर दिलं नाही तर ती आपोआप वरच्या पातळीवर जाते, अशा चार पातळ्या. बंद करताना तक्रारदाराला फोन करून विचारतात, "आप संतुष्ट हैं?" आम्ही कर्मचारी त्या फोनला किती घाबरतो ते विचारू नका. इथे बसलेले काही जण हसत आहेत, त्यांना माहीत आहे. आमचं म्हणणं एवढंच की हातपंपाला ही सोय आहे तर लाल पट्टीच्या मुलाला का असू नये? त्याच्या आईला पंधराव्या दिवशी कुणी एकाने फोन करून विचारावं, "बाई, पोचलीस का? तुला आत घेतलं का?"

तिसरं उदाहरण महाराष्ट्रातलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केलं. त्यांच्या लक्षात आलं की आजारी तान्ह्या बाळाला दवाखान्यात न्या असं सांगितलं तरी बहुतेक आईबाप नेत नाहीत, नेऊ शकत नाहीत. तेव्हा त्यांनी लोकांना दोष दिला नाही, वाट बदलली. ३९ गावांतल्या बायकांना शिकवून तयार केलं. त्या ठरलेल्या दिवशी घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, गरज पडली तर घरीच उपचार करायच्या. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण तिथे ६२ टक्क्यांनी घटलं, आणि १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आपल्या गावागावांतली आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जाते, बाळंतपण घरी झालं असेल तर सात वेळा, त्याचं मूळ त्या कामात आहे. माणूस पर्चीपर्यंत जात नसेल तर पर्चीने माणसापर्यंत जावं, हे गडचिरोलीने दाखवलं.

आणि आता आपल्या दारातलं एक काम, जे अर्धं झालं आहे. सिकल सेल. रक्ताचा हा आजार आपल्या पश्चिम भागात, झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीत, आदिवासी घरांमध्ये आढळतो. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी आपल्याच राज्यातल्या शहडोलहून सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत आजार नाहीसा करायचं उद्दिष्ट आहे. या आजारात आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो. त्यासाठी तपासणी. गावात शिबिर होतं, बोटातून रक्ताचा थेंब घेतात, पहिल्या चाचणीत संशय आला की दुसऱ्या, पक्क्या चाचणीला पाठवतात. पुन्हा पर्ची. तपासणीचा आकडा मोठा दिसतो, वर्तमानपत्रात छापून येतो. पण ज्याच्या हातात दुसऱ्या चाचणीची पर्ची दिली त्याला निकाल कळला का, आजारी निघालेल्या मुलीला औषध नियमित मिळतं का, लग्न ठरण्याआधी मुलामुलीने आपापलं कार्ड पाहिलं का, खरा प्रश्न तिथे आहे. पहिला थेंब घेणं सोपं असतं.

आता आपल्याकडे येतो. तुम्ही म्हणाल, हे सगळं सरकारने करावं, आम्ही गणपतीत कशाला ऐकायचं?

आपले पूर्वज अठराव्या शतकात पवारांबरोबर या मुलखात आले. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थानं. कुणी सरदार म्हणून, कुणी कारकून, कुणी पुजारी, कुणी आचारी म्हणून आलं. तेव्हापासून या मातीचं अन्न खातो आहोत. घरी मराठी, बाजारात माळवी-हिंदी. पण घाटाखालची भाषा आपल्यातल्या फार थोड्यांना येते. हे आम्ही टोमणा म्हणून म्हणत नाही, आम्हालाही येत नाही. मात्र आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्या आईकडे नव्हती. कचेरी कशी चालते ते आपल्याला कळतं. अर्ज कसा लिहायचा, कोणत्या खिडकीवर जायचं, कोणत्या साहेबाला कोणत्या वेळी भेटायचं, स्मरणपत्र कधी पाठवायचं. तीन पिढ्या आपण हेच करत आलो. इंदूरला आपल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी आहे. आपल्या घराघरांत निवृत्त परिचारिका आहेत, मास्तर आहेत, बँकेतले आहेत.

जुन्या माळव्यात हुंडीचा व्यवहार चालायचा. इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांची हुंडी दूरवर सकारली जायची. ती वाटेत हरवली तर दुसरी लिहीत, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी, 'परपेठ'. समोरच्या पेढीने पैसे दिले की मगच लिहिणाऱ्याची जबाबदारी संपायची. नुसता कागद लिहून कुणी मोकळा होत नसे. पैशाच्या बाबतीत जी रीत व्यापाऱ्यांनी पाळली, ती माणसाच्या बाबतीत आपण पाळू शकू, अशी आमची समजूत आहे.

म्हणून समाजापुढे एक छोटा प्रस्ताव ठेवतो. मोठी योजना नको. एक वही घालू. समाजाच्या कचेरीत राहील. रकाने पाच: कुणाला पाठवलं, कुठून कुठे, कोणत्या तारखेला पोचायचं होतं, पोचला का, आणि परत आल्यावर काय सांगितलं. पहिल्या वर्षी फक्त दहा माणसं. ओळखीच्या आशा कार्यकर्तीकडून किंवा अंगणवाडी ताईंकडून दहा पर्च्या घेऊ, त्या माणसांना विचारून, त्यांच्या मर्जीने. प्रत्येक पर्चीमागे आपल्यातलं एक नाव लिहू. त्या माणसाचं काम उपचार करण्याचं नाही, सल्ला देण्याचंही नाही. बसस्टँडवर भेटायचं, खिडकीपर्यंत बरोबर जायचं, सोमवारी या म्हणाले तर दोन दिवस राहायची सोय बघायची, आणि पंधराव्या दिवशी फोन करायचा. पाचवा रकाना कोरा राहिला तर स्मरणपत्र. ते आम्ही लिहू, आम्हाला सवय आहे.

ज्यांना एवढं धावणं जमणार नाही त्यांच्यासाठी २०२२ पासून 'निक्षय मित्र' ही सोय आहे. क्षयाच्या एका रुग्णाला, त्याची संमती असेल तर, उपचार चालू असेपर्यंत दरमहा धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे असं पोषणाचं सामान देता येतं. सहा महिन्यांचा खर्च एका घराला जड नाही. आपण गणपतीच्या दहा दिवसांत जेवढे पेढे आणतो त्यात एक माणूस उभा राहील.

दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, ही वही कपाटात कुलपात राहील. कुणाला क्षय आहे, कुणाच्या घरात सिकल सेल आहे, हे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जाता कामा नये. मदत करताना काढलेला फोटो तर अजिबात नको. एखाद्या मुलीचं लग्न मोडायला तेवढं पुरतं. दुसरी गोष्ट, पाचव्या रकान्यात खरं तेच लिहायचं. 'पोचला नाही' असं लिहिताना लाज वाटू द्यायची नाही. का पोचला नाही ते पुढे लिहायचं. भाडं नव्हतं, खिडकी बंद होती, भाषा कळली नाही, घरी बघायला कुणी नव्हतं. वर्षअखेरीस दहा पर्च्यांची ही कारणं एका कागदावर मांडली तर तो कागद घेऊन आपण वरच्या साहेबांकडे जाऊ शकतो. तिथे भाषण करायची गरज पडणार नाही. अनुभवाने सांगतो, शासनात आरडाओरड ऐकली जात नाही, पण तारीखवार लिहिलेला कागद कुणाला टाळता येत नाही.

आमच्या कार्यालयातल्या त्या अहवालाची प्रत आम्ही अजून जपून ठेवली आहे. 'कार्यवाही केली' हा रकाना आमच्याच अक्षरात आहे. बदली झाली, टेबल बदललं, तरी ती फाइल आम्ही बरोबर नेली. आता नव्या याद्यांत आम्ही एक जास्तीचा रकाना हाताने आखतो, 'पोच'. वरून तसा आदेश नाही. शेजारचे सहकारी सुरुवातीला हसले. आता त्यातल्या दोघांनी आपल्याही यादीत तो आखला आहे. बऱ्याचदा तो रकाना रिकामाच राहतो. पण तो रिकामा आहे हे दिसतं, आणि दिसलं की कुणीतरी फोन उचलतो.

आरतीची वेळ झाली. प्रस्ताव पटला असेल तर प्रसाद घेताना सचिवांकडे नाव द्या. दहा नावं हवीत. पहिलं नाव आम्ही लिहून ठेवलं आहे, नऊ उरली.

गणपती बाप्पा मोरया.